गॅलरीतली कोथिंबीर, पुदिना आणि कढीपत्ता: आधी कात्री, मग खत

प्रश्न असा आहे: "ठाण्याला चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरी पूर्वेची, ग्रिलची. ऊन सकाळी साडेदहापर्यंत असतं. कोथिंबीर उगवते, पण चार बोटं वाढून लोळते, नाहीतर लगेच फुलावर जाते. पुदिना सुरुवातीला छान होता, आता नुसत्या काड्या उरल्यात. कढीपत्त्याचं रोप आणलं तेव्हा होतं तेवढंच आहे. कोणतं खत घालू? आणखी काय लावता येईल? आणि दिवाळीत आठ दिवस गावी जातो, तेव्हा काय करायचं?"

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ खतात नाही. कोथिंबिरीची पेरणीची वेळ चुकते आहे, पुदिन्याची कुंडीतली जागा संपली आहे आणि कढीपत्त्याला आजवर कात्री लागलेली नाही. रोपवाटिकेत येणाऱ्यांशी बोलताना मला नेहमी हेच दिसतं की पान तोडायचा जीव होत नाही आणि खत मात्र ओंजळीने पडतं. स्वयंपाकात लागणारी ही झाडं पानांसाठी लावलेली आहेत. वेळेवर आणि योग्य जागी खुडणं हीच त्यांची खरी मशागत. खत जास्त झालं तर पानं मोठी आणि पाणचट होतात, वास उतरतो आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. दीड-दोन महिन्यांतून मूठभर गांडूळखत मातीत कालवलं तरी या मंडळींचं भागतं.

आधी उन्हाचं पाहू. पूर्वेचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन कोथिंबीर, पुदिना, पानाचा ओवा यांना पुरेसं आहे. पण ते ऊन वर्षभर एकाच कोपऱ्यात पडत नाही. सूर्य हिवाळ्यात आग्नेयेच्या बाजूने उगवतो आणि उन्हाळ्यात ईशान्येच्या, त्यामुळे डिसेंबरात उजळणारा कोपरा मे महिन्यात सावलीत जातो. समोर इमारत असेल तर फरक आणखी मोठा. म्हणून कुंड्या कायमच्या मांडून ठेवू नका, ऋतू पालटला की जागा पालटा. दक्षिणेची गॅलरी असणाऱ्यांचा अनुभव याहून वेगळा असतो. हिवाळ्यात तिथे दिवसभर ऊन आत येतं. मेच्या मध्यापासून मात्र आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि तीच गॅलरी ऐन उन्हाळ्यात सावलीत असते. पान खायच्या झाडांसाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. ग्रिलच्या बाहेर लोंबकळत्या कुंड्या मात्र कुणीही ठेवू नयेत, खालून माणसं जातात.

आता कोथिंबीर. हिच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त लोक हिच्यापाशीच हार मानतात.

बियाणं म्हणून स्वयंपाकघरातले धणे चालतात, फक्त ते जुने नकोत. उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात नवा माल येतो, तो हिरवट, वासाला ताजा असतो. शंका वाटली तर वीसेक धणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दहा-बारा दिवसांत निम्म्यांना मोड आले तर पेरा, नाहीतर ते मसाल्यालाच वापरा. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्यापूर्वी धणे फडक्यात घेऊन वरून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं. दोन डाळिंब्या सुट्या झाल्या पाहिजेत, भरड नाही. मग रात्रभर पाण्यात भिजवायचे.

कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं आणि उपटून दुसरीकडे लावलेलं तिला सोसत नाही. त्यामुळे रोपं करून लावू नका, थेट जागेवर पेरा. माती वीतभर खोल हवी. भाजीवाल्याकडचा प्लास्टिकचा क्रेट आतून गोणपाट लावून उत्तम चालतो. बोटभर खोल नव्हे, बोटाच्या पहिल्या पेराच्याही निम्मी खोल अशी रेघ ओढायची, दोन रेघांत चार बोटं अंतर ठेवायचं, धणे सोडायचे आणि माती सारून झारीने पाणी द्यायचं. उगवण आठ ते बारा दिवसांत होते. तोवर वरची माती एकदाही कोरडी पडू द्यायची नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी काहीच दिसत नाही म्हणून बोटाने उकरून बघण्याचा मोह आवरा.

तुमची रोपं लोळतात याची कारणं दोन: दाटी आणि प्रकाशाची तूट. मूठभर धणे एका कुंडीत फेकले की रोपं एकमेकांच्या वर जायला बघतात, देठ दोऱ्यासारखे होतात आणि पहिल्या जोराच्या पाण्याला आडवे पडतात. दोन खरी पानं आली की विरळणी करा, दोन रोपांत दोन बोटं अंतर ठेवा. उपटलेली कोवळी रोपं मुळासकट धुऊन वरणावर घाला, त्यांचा वास मोठ्या जुडीला येत नाही. क्रेट ग्रिलला अगदी लागून ठेवा. गॅलरीत दोन हात आत सरकलं तरी उजेड फार कमी होतो, आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही.

फुलावर जाणं ही वेगळी गोष्ट. कोथिंबीर थंडीचं पीक आहे. हवा तापली, दिवस मोठा झाला किंवा मध्येच पाण्याचा ताण पडला की ती पानं सोडून बी धरण्याच्या मागे लागते. मधला देठ सरसर वर येतो आणि पानं शेपूसारखी बारीक होतात. एकदा हे सुरू झालं की शेंडा छाटून ती परत पानांवर येत नाही, खताने तर नाहीच. इलाज पेरणीच्या वेळेतच आहे. कोकणपट्टीत ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरून निराश होण्यापेक्षा दिवाळीच्या सुमारास पहिला क्रेट पेरा आणि जानेवारीअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक एक पेरत जा. चार क्रेट आळीपाळीने चालले तर घरात सतत कोथिंबीर राहते. एकाच दिवशी चारही पेरले तर महिन्याने चारही एकदम तयार होतात आणि एकदमच संपतात. मार्चपासून पुढे पेरायचीच असेल तर दुपारची पूर्ण सावली द्या आणि महिन्याच्या आत कापून खा, मोठी व्हायची वाट पाहू नका. पावसाळ्यात छपराखाली येते, पण पागोळ्यांचा मारा बसला की रोपं मुळाशी कुजतात.

कापताना बाहेरची पानं देठासकट घ्या, मधला कोंब ठेवा. असे दोन-तीन तोडे मिळतात. शेवटी रोप उपटलं की मूळ टाकू नका. स्वच्छ खरवडून हिरव्या वाटणात घाला, पानापेक्षा त्याचा वास खोल असतो. आणि जी रोपं फुलावर गेलीच त्यांतली चार-पाच राहू द्या. पांढऱ्या फुलांवर मावा खाणारे छोटे कीटक येतात, सगळ्या गॅलरीला त्यांचा फायदा होतो. मागून हिरवे ओले धणे धरतात. ते चिमूटभर ठेचून आमटीत किंवा दह्यातल्या चटणीत घाला. ही चव बाजारात विकत मिळत नाही, पान आणि धणा यांच्या मधली आहे, आणि मला विचाराल तर कोथिंबीर घरी लावण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. एक गोष्ट मोकळेपणाने सांगते: चार क्रेटमधून रोजच्या पोह्यांवर, आमटीवर घालण्यापुरती कोथिंबीर मिळेल. कोथिंबीर वड्या करायच्या दिवशी जुड्या बाजारातूनच आणा.

पुदिन्याच्या काड्या का उरल्या ते कुंडी उपडी केलीत की दिसेल. आडव्या धावत्या मुळ्या कुंडीच्या कडेने गोल गोल फिरून घट्ट झाल्या असतील आणि मधला भाग जुना, लाकडासारखा झाला असेल. तो गड्डा सोडवा, मधला जुना भाग कंपोस्टमध्ये टाका आणि कडेच्या पांढऱ्या टोकांच्या मुळ्या बोटभर लांब कापून नव्या मातीत आडव्या पुरा. पुदिन्याला खोल कुंडी नको, पसरट हवी. जुना टब असला तरी चालेल, फक्त तळाला भोकं हवीत. हे काम वर्षातून एकदा करावंच लागतं. जून सगळ्यात चांगला, पण तुमच्या रोपाची अवस्था पाहता आत्ताच करा. मुळ्या फारच खराब निघाल्या तर बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा. पेराच्या खाली कापा, खालची पानं काढा आणि पेलाभर पाण्यात ठेवा. पाणी रोज बदललं तर आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. बियांच्या पाकिटामागे लागू नका, बियांपासून येणाऱ्या पुदिन्याचा वास कसा निघेल याचा भरवसा नसतो.

तोडणीची पद्धत इथे फार महत्त्वाची आहे. चहासाठी म्हणून रोज वरची दोन पानं खुडली की खालची काडी उघडी पडत जाते. त्याऐवजी एक पूर्ण काडी घ्या, मातीपासून दोन पेरं सोडून. प्रत्येक उरलेल्या पेरातून दोन फुटवे येतात. उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक जाळी आणि पानावर पिवळसर ठिपके दिसले तर तो कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड आहे. फवारणी करू नका. सगळा पुदिना मातीपासून दोन बोटांवर कापून टाका, कुंडी सावलीत घ्या आणि पाणी देत राहा. पंधरा-वीस दिवसांत स्वच्छ नवा पाला येतो. पुदिन्याच्या कुंडीत दुसरं काही लावायचं नाही, तो कुणाला जगू देत नाही.

कढीपत्ता म्हणजे झाड, पाच-सहा हात उंच सहज होणारं. त्याला आठ इंची कुंडीत ठेवून वाढीची वाट पाहणं व्यर्थ आहे. किमान १४ इंची कुंडी किंवा २० लिटरची रंगाची बादली घ्या, तळाला भोकं पाडा, आणि तुमच्याकडच्या सगळ्यात जास्त उन्हाच्या जागी ठेवा. पूर्वेच्या तीन तासांत तो जगेल, पण सावकाश वाढेल. इमारतीच्या गच्चीवर ठेवायची परवानगी मिळत असेल तर पहिली दोन वर्षं तिथे ठेवा.

मग कात्री. रोप गुडघ्याइतकं झालं की शेंडा छाटायचा. एका दांड्यावर सरळ वाढणाऱ्या रोपाला वरती पानांचा झुपका आणि खाली उघडा दांडा राहतो. शेंडा गेला की खालचे डोळे फुटतात, तीन-चार फांद्या होतात आणि पानं तिप्पट मिळतात. छाटणी डिसेंबर-जानेवारीत करू नका. थंडीत हे झाड थबकतं, कधी पानंही गाळतं, लोक घाबरून त्याला खत आणि पाणी घालतात आणि मुळं कुजवतात. फेब्रुवारीच्या शेवटी नवे डोळे लालसर दिसू लागले की छाटा. फुलांचे तुरे दिसताच काढा. फोडणीसाठी तोडताना सुटी पानं ओरबाडू नका, पानांची पूर्ण काडी दांड्यापासून खुडा. अर्धवट उरलेल्या काड्या वाळतात आणि त्यावर पुन्हा पान येत नाही.

ताकाबद्दल सगळेच विचारतात. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. पुष्कळदा कारण बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असतं, त्याने कुंडीतली माती हळूहळू क्षारयुक्त होते. आंबट ताक त्यावर थोडं काम करतं. एक वाटी ताकात दहा वाट्या पाणी, तीन आठवड्यांतून एकदा, एवढंच. मीठ घातलेलं ताक कधीही नाही. सोसायटीला टाकीचं गोड पाणी येत असेल आणि पानं हिरवी असतील तर ताक तुम्हीच प्या.

कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे, म्हणून लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं याच्यावरही येतात. अळी लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं की डोक्यावर दोन नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. लहान रोपावर तीन-चार अळ्या आल्या तर दोन दिवसांत पानं संपतात. त्यांना हाताने उचलून सोसायटीच्या आवारातल्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या मोठ्या झाडावर सोडा. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन हेही याच कुळातल्या झाडांवर वाढतं, तेव्हा अळी दिसली की विषारी फवारा काढायचा नाही एवढं मनापासून सांगते. झाडाला काळीभोर फळं धरली तर बी ताजंच पेरा, वाळवून ठेवलेलं उगवत नाही. ही बी खायची नसते, घरात लहान मुलं असतील तर घोस आधीच उतरवा.

आणखी काय लावायचं? तुमच्या गॅलरीला पानाचा ओवा सगळ्यात आधी. वीतभर फांदी मोडून मातीत खोचली की जगते. पाणी जास्त झालं तर मरते, बाकी तिला काही होत नाही. मसाल्यातला ओवा ही वेगळी वनस्पती, पण दोघांच्या वासात साम्य आहे. जाड पानं बेसनात बुडवून भजी करा. पीठ पातळ ठेवा, म्हणजे पानाचा दळदारपणा तोंडात येतो. गवती चहाला ऊन जास्त लागतं, पण एखादा ठोंब तुमच्या ग्रिलपाशी तग धरेल. पातं वीतभर उंचीवरून कापायचं, हात सांभाळून, त्याच्या कडा चिरतात. चहा करताना ते आधी पाण्यात उकळू द्या, चहा पावडर नंतर.

मेथी खास सुचवते. मुंबईच्या बाजारात मुळांना वाळू चिकटलेल्या इवल्याशा जुड्या मिळतात, ती समुद्रमेथी. तिला फार माती लागतच नाही. पसरट ट्रेमध्ये चार बोटं वाळूमिश्रित माती, त्यावर रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट, आणि पंधराएक दिवसांत कापणी. उजेड कमी असलेल्या गॅलरीतही ती येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला पहिलं यश हिच्यातच मिळतं.

पुढच्या मे महिन्यात हळदीचे कोंब आलेले दोन तुकडे मोठ्या कुंडीत पुरून ठेवा. हे मी पानांसाठी सांगते आहे. श्रावणात नागपंचमीला कोकणात पातोळ्या होतात, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, मदर मेरीच्या सणाला. तांदळाच्या पिठाला आणि गूळ-खोबऱ्याच्या सारणाला हळदीच्या ताज्या पानाचा जो वास वाफेत लागतो, तो पान आणून चार दिवस ठेवलं की निम्मा होतो. नागपंचमीपर्यंत पानं पुरेशी मोठी हवी असतील तर पावसाची वाट न पाहता लावून पाणी सुरू करा. कंद जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळल्यावर काढायचे. आल्याचंही वेळापत्रक हेच.

रोझमेरी आणि थाइमची रोपं हल्ली सगळीकडे दिसतात. ठाण्याच्या पावसाळ्यात ती टिकवणं फार कठीण आहे. त्यांच्या मूळ प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो, आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत मुळं कुजतात. हौस असेल तर नोव्हेंबरात आणा आणि मेपर्यंतचं झाड समजून वापरा. बेसिल मात्र सहज येतं, ते आपल्या सब्जाच्याच जातीचं आहे. मंजिरी दिसली की खुडत राहा.

रोपवाटिकेतून आणलेल्या कोणत्याही रोपाची पानं लगेच खाऊ नका. शोभेच्या झाडांसोबत त्यांच्यावरही कीटकनाशक मारलेलं असू शकतं. आहे ती पानं छाटून टाका आणि महिन्याभराने आलेली नवी खा. घरी मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा, आणि आठवडाभर ती पानं स्वयंपाकाला घेऊ नका.

मातीबद्दल थोडं. आपल्याकडे पिशवीतून मिळणारी लाल माती एकटी वापरली की दोन महिन्यांत विटेसारखी होते. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग चुरलेला वाळका पाला हे मिश्रण पानांच्या झाडांना छान मानवतं. वाळका पाला ही शहरात फुकट मिळणारी संपत्ती आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या 'प्रयोग परिवार' या गटाच्या माध्यमातून कितीतरी लोकांना हे हाताने करून शिकवलं की माती विकत आणण्यापेक्षा पाल्यापासून तयार करता येते. सोसायटीचा झाडू मारणारा जो पाला पेटवतो किंवा कचऱ्यात देतो, तो त्याच्याकडून मागून घ्या.

जास्तीचं ठेवायचं कसं? पुदिना सावलीत वाळवला तर रायत्याला, चाटला वर्षभर चालतो. कढीपत्ता वाळवल्यावर वास हरवतो, त्यापेक्षा काडीसकट धुऊन, पूर्ण कोरडा करून डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा आणि तसाच थेट फोडणीत टाका. कोथिंबीर वाळवू नका, त्यात काही उरत नाही. मिरची-मिठासोबत वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेली बरी.

राहता राहिले दिवाळीचे आठ दिवस. कोथिंबिरीचा पहिला क्रेट गावाहून आल्यावर पेरा, म्हणजे ती चिंताच नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी पुदिना दोन बोटांवर कापा, पानं नसली की पाणी कमी लागतं, आणि कापलेला पाला सोबत गावी न्या. सगळ्या कुंड्या उन्हातून काढून भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर वाळक्या पाल्याचा जाड थर द्या आणि रात्री भरपूर पाणी घाला. पुदिन्याच्या टबाखाली पाण्याची परात चालेल. कढीपत्ता आणि ओवा यांच्याखाली परात ठेवू नका, ते आठ दिवस तहानलेले राहिले तरी उभे राहतात, पाण्यात उभे राहिले तर मुळाशी कुजतात.